मोठ्या दिवसाची रात्र

'मिडसमर' या शब्दाचं मराठी करायचं तर 'उन्हाळ्याचा मध्य' असं करावं लागेल, आणि ते केलं की आपल्याकडची कुठलीही बाई हसेल. जूनची २३-२४ तारीख म्हणजे उन्हाळ्याचा मध्य? अहो, तोवर मिरगाचा पाऊस पडून गेलेला असतो. सांडगे-कुरडया डब्यात गेलेल्या असतात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झालेले असतात आणि घरभर ओल्या कपड्यांचा वास सुटलेला असतो. आपला उन्हाळा तेव्हा संपलेला असतो. युरोपच्या उत्तरेकडे मात्र तो तेव्हा कुठे ऐन भरात येतो.

यामागचं कारण आकाशातलं आहे. बेळगाव-गोव्याच्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. २१ जूनला तो आपल्याही उत्तरेला सरकलेला असतो. ढग नसले तर त्या दिवशी भर दुपारी आपली सावली दक्षिणेला पडते. तेव्हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस असतो साधारण तेरा तासांचा. हिवाळ्यातल्या दिवसापेक्षा दोन तासांनी मोठा, एवढंच. त्याचा सण करावा असं आपल्या पूर्वजांना वाटलं नाही यात नवल नाही. त्यांनी दक्षिणायन सुरू झालं म्हणून पंचांगात नोंद केली आणि पेरणीला लागले.

आपल्या ग्रंथांनी मात्र या दिवसाचा हिशोब मांडून ठेवलेला आहे. 'तिलोयपण्णत्ती'त सूर्याच्या १८४ वीथी सांगितल्या आहेत. सूर्य सर्वांत आतल्या वीथीत असतो तेव्हा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि रात्र बारा मुहूर्तांची. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं हे आपल्याला पाठ आहे, तेव्हा गुणाकार करून बघा: १४ तास २४ मिनिटं. हा आकडा बेळगावला लागत नाही. तो लागतो श्रीनगरच्या आसपास. त्याच वाटेनं आणखी उत्तरेला गेलं की दिवस फुगतच जातो. स्टॉकहोमला तो साडेअठरा तासांचा होतो, आणि स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला किरुना नावाचं गाव आहे तिथे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी स्टॉकहोमला असते. तिनं एकदा फोनवर विचारलं, "मावशी, इथे आता दहा वाजून गेल्यावर सूर्य बुडतो. नऊला जेवले तरी दिवसाउजेडीच ना?" मी म्हटलं, बाई, जेव. डिसेंबरात त्याच गावात पावणेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो तेव्हा तू काय करतेस ते मला सांगू नकोस. पण तिच्या प्रश्नावरून माझ्या लक्षात आलं, की उजेडाचा सण समजून घ्यायचा तर आधी तो अंधार समजून घ्यायला हवा. सहा महिने काळोखात काढणाऱ्या माणसांना हा दिवस काय वाटत असेल! आणि त्यातही एक बोच आहे. सर्वांत मोठा दिवस म्हणजे उद्यापासून दिवस लहान होणार.

आता सूर्याचा दिवस २१ चा आणि सण २४ चा, हे कसं? तर तो ख्रिस्ती पंचांगाचा हिशोब आहे. ल्यूकच्या शुभवर्तमानात एलिझाबेथ नावाच्या बाईची गोष्ट येते. वय झालेलं, मूल नाही, त्याबद्दल लोकांचं बोलणं सोसलेली. तिला म्हातारपणी दिवस जातात. तिच्या नवऱ्याचा देवदूताच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही, म्हणून मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा बंद होते. (ही गोष्ट बायकांना का आवडते ते सांगायला नको.) एलिझाबेथला सहावा महिना असताना तिची नातलग मारिया हिला येशूच्या जन्माची वार्ता मिळते. मारिया तिला भेटायला जाते, आणि तिचा आवाज ऐकताच एलिझाबेथच्या पोटातलं बाळ उडी मारतं. ते बाळ म्हणजे संत जॉन. तेव्हा जॉन येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. येशूचा जन्मदिवस २५ डिसेंबर धरला, तर जॉनचा जूनच्या अखेरीला आला. रोमन लोक पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे दिवस मोजत. डिसेंबर ३१ दिवसांचा, जून ३० चा, म्हणून २५ च्या जागी २४. एका सणाच्या मागे सूर्य वाढायला लागतो, दुसऱ्याच्या मागे घटायला लागतो, हे संत ऑगस्टिननं आपल्या प्रवचनांत मुद्दाम दाखवलं होतं.

पण लोक प्रवचन ऐकून शेकोट्या पेटवत नव्हते. सातव्या शतकात नोयाँचा बिशप एलिजियस आपल्या लोकांना बजावत होता, की संत जॉनच्या सणाला अयनाचे खेळ करू नका, नाचू नका, उड्या मारू नका, ती गाणी गाऊ नका. ज्या अर्थी बजावत होता त्या अर्थी लोक करत होते. पुढे चर्चनं शहाणपणानं तो नाद सोडला. आग राहू दिली, तिला नाव मात्र संताचं दिलं.

या सणात मला सर्वांत आधी बायकाच दिसतात. स्वीडनमध्ये मुली त्या रात्री कुणाशी न बोलता सात जातींची फुलं वेचायच्या आणि उशाखाली ठेवून झोपायच्या. स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणे. युक्रेन-रशियाकडे हीच रात्र इवान कुपालाची. तिथल्या मुली वेलाफुलांचे मुकुट नदीत सोडतात, त्यावर मेणबत्ती लावतात आणि कुणाचा कुठवर जातो ते बघत उभ्या राहतात. स्वीडनचा सण आता बराच सुटसुटीत झाला आहे. पानाफुलांनी सजवलेला खांब, त्याभोवती फेर, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी. १९५३ पासून तर तारीखही शुक्रवार-शनिवारला बांधून टाकली, सुट्टीच्या सोयीसाठी. फिनलंडनंही दोन वर्षांनी तेच केलं. सूर्यानंही कार्यालयीन वेळ पाळावी असं झालं ते. असो.

मला खरं सांगायचं आहे ते लाटव्हियाबद्दल. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा एवढासा देश. तिथे २३ जूनला लीगो म्हणतात आणि २४ हा यानिसचा दिवस, म्हणजे आपला जॉनच. पण या यानिसचा चर्चशी संबंध नावापुरता. तो शेताभाताचा, गुराढोरांचा यानिस आहे. त्या दिवशी बायका रानात जाऊन वनस्पती आणि फुलं गोळा करतात. बायकांच्या डोक्यावर फुलांचा मुकुट, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचा. दाराला, कुंपणाला, गोठ्याला डहाळ्या. रात्री उंच खांबावर आग लावतात. तिचा उजेड जिथवर जाईल तिथवर शेत पिकेल असा समज. आणि सूर्य उगवेपर्यंत झोपायचं नाही.

घरधन्यानं बिअर करायची आणि घरधनिणीनं चीज. या चीजची कृती वाचताना मला आपला चक्का आठवला. दूध तापवायचं, त्यात मऊ पांढरं चीज घालून फाडायचं, फडक्यातून पाणी निथळायचं, मग लोणी, मीठ आणि शहाजिऱ्यासारखं वासाचं बी घालून आटवायचं. (अंडंही घालतात, ते आपण सोडून देऊ.) शेवटी गरम गोळा फडक्यात घट्ट बांधून वर वजन ठेवायचं. फडकं सोडलं की वर गाठीचा खळगा आणि त्यातून निघालेल्या सुरकुत्या उमटलेल्या असतात. गोल, पिवळा, किरणांचा सूर्य. मूर्ती नाही, देऊळ नाही. घरातल्या बाईनं फडक्यात बांधून केलेला सूर्य, आणि तो कापून दारी आलेल्याला द्यायचा.

दारी येणारे गातच येतात. प्रत्येक ओळीनंतर 'लीगो, लीगो' असं पालुपद. या गाण्यांना दाइना म्हणतात. बहुतेक चार ओळींच्या, आपल्या ओवीएवढ्याच, आणि ओवीसारख्याच बऱ्याचशा बायकांच्या तोंडच्या. त्यांत यजमानाची स्तुती असते तशीच निंदाही असते. सणाआधी जिची बाग निंदून झालेली नसेल, तिच्या आळसावर तिच्याच दारात उभं राहून गाणी म्हणायची. लग्नात विहिणीला गाण्यातून टोमणे मारणाऱ्या आपल्या आज्यांना हे शिकवायला नको.

एकोणिसाव्या शतकात क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसानं ही गाणी गोळा करायला घेतली. लोक त्याला कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून पाठवत. त्या लावून ठेवण्यासाठी त्यानं १८८० मध्ये खणाखणांचं एक कपाट करून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात छापून निघालेल्या संग्रहात सुमारे २ लाख १८ हजार गाणी आहेत. ते कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेलं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या कामाची हीच जात. राजे-रजवाडे नसलेल्या, शतकानुशतकं जर्मन जमीनदार आणि रशियन झारच्या हाताखाली राहिलेल्या लोकांना आपण कोण ते सांगायला हेच एक दप्तर होतं.

आणि म्हणूनच ते दप्तर राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपलं. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं लाटव्हिया गिळला. १४ जून १९४१ रोजी, लीगोला दहा दिवसही उरले नसताना, सुमारे १५ हजार माणसं गाड्यांत भरून पूर्वेकडे नेली. मार्च १९४९ मध्ये आणखी ४२ हजारांवर. त्यांत बायका-मुलंच जास्त. एवढं झाल्यावरही खेड्यांत जूनमध्ये आग पेटत होती. १९५९ च्या अखेरीला आर्विद्स पेल्शे हा तिथल्या पक्षाचा प्रमुख झाला. स्वतः लाटव्हियनच. त्याला या सणात राष्ट्रवाद दिसला. सुट्टी गेली, जाहीरपणे साजरा करणं बंद झालं.

आता बघा, सुट्टी काढून घेता येते. मिरवणूक अडवता येते. पण दूध फाडायला बंदी कशी घालणार? यानिस हे तिथलं घरोघरचं नाव. कुणाचा नवरा यानिस, कुणाचा मुलगा. लाटव्हियात वाढदिवसासारखाच नावाचा दिवस पाळतात, आणि २४ जूनला यानिसांचा दिवस. घरच्या यानिससाठी चार पाहुणे आले आणि चीज कापलं, तर तो कुठला गुन्हा? पेल्शे १९६६ मध्ये बढती मिळून मॉस्कोला गेला. त्याच्यामागे दोऱ्या सैल झाल्या. पुढे देश १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा लीगो आणि यानिसचा दिवस दोन्ही सुट्ट्यांच्या यादीत होते. आजही त्या दोन रात्री राजधानी रीगा निम्मी रिकामी होते, म्हणतात, आणि सगळं शहर आजीच्या गावाला गेलेलं असतं.

शेजारच्या एस्टोनियानं दुसरी वाट धरली. तिथे २३ जून हा १९१९ च्या एका लढाईचा विजयदिन आहे, आणि राष्ट्राध्यक्षांनी पेटवलेली ज्योत गावोगावच्या शेकोट्यांपर्यंत नेतात. छान आहे. पण चीजचा सूर्य मला जास्त जवळचा.

इथवर सगळं गोड वाटलं असेल. त्याच रात्री, समुद्रापलीकडे डेन्मार्कमध्ये, किनाऱ्यावर मोठी शेकोटी रचतात. लोक जमतात, भाषण होतं, होल्गर ड्राखमननं १८८५ मध्ये लिहिलेलं गाणं सगळे मिळून म्हणतात. आणि शेकोटीच्या टोकावर एक बाहुली असते. गवताची, जुने कपडे घातलेली, डोक्याला रुमाल, हातात झाडू. ती चेटकीण. आग तिच्यापर्यंत पोचली की ती उडून जर्मनीतल्या ब्लोक्सबर्ग डोंगरावर जाते, असं मुलांना सांगतात.

लोकांना वाटतं ही प्रथा फार प्राचीन. तसं नाही. शेकोटी जुनी आहे, बाहुली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आली. म्हणजे खऱ्या बायका जाळणं थांबून दोनशे वर्षं झाल्यावर. त्याआधी डेन्मार्कमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत सुमारे हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून मारलं, बहुतेक बायका. १६१७ मध्ये राजा चौथा ख्रिश्चन यानं कायदाच केला. रीबे गावात मारेन स्प्लीद नावाची एक शिंप्याची बायको होती. १६३७ मध्ये गावातल्याच दुसऱ्या शिंप्यानं तिच्यावर चेटकाचा आरोप केला. धंद्यातली असूया म्हणा, आजारपण म्हणा. आधी ती सुटली. तक्रारदार थेट राजापर्यंत गेला. तिला कोपनहेगनला नेऊन छळ केला, दुसऱ्या बायकांची नावं वदवून घेतली आणि ९ नोव्हेंबर १६४१ रोजी शिडीला बांधून आगीत टाकलं. कायद्यानं मारलेली शेवटची बाई आना पालेस, १६९३ मध्ये.

आज तिथे दर जूनमध्ये वाद होतो, बाहुली ठेवायची की नाही. काही ठिकाणी ठेवतच नाहीत. बाकीचे म्हणतात, लहान मुलांची गंमत आहे, त्यात एवढं काय? मला त्या 'एवढं काय'चा राग येतो. आपल्याकडे भानामतीच्या, करणीच्या नावाखाली कुणाच्या सुनेला, कुणाच्या विधवा जावेला गावाबाहेर काढतात, तेव्हाही आरोप करणारा बहुधा शेजारीच असतो आणि कारण बहुधा जमीन नाहीतर आजारपण. महाराष्ट्राला २०१३ मध्ये आणि कर्नाटकाला २०१७ मध्ये यावर कायदा करावा लागला, तो गंमत म्हणून नाही. रीबेमध्ये २०२० साली चेटकीण-शिकारीचं एक संग्रहालय उघडलं आहे. मुलांना आधी तिथे न्यावं आणि मग शेकोटीला.

एक गोष्ट मात्र त्या शेकोटीबद्दल मला आवडली. लाकडाचा ढीग आठवडाभर आधी रचला की हेजहॉग नावाचे छोटे काटेरी प्राणी त्यात आसऱ्याला येऊन बसतात. म्हणून पेटवण्याच्या दिवशी ढीग हलवून पुन्हा रचा, असं प्राणिमित्र संस्था दरवर्षी लोकांना सांगते. होळीची लाकडं बघून ज्यांचा जीव आतल्या किड्यामुंग्यांसाठी गलबलतो, त्या माझ्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगायचं होतं. हेजहॉगला बाहेर काढतात तसंच त्या रुमालवालीलाही काढावं.

हा सण आपल्या दारापर्यंतही आला आहे, गोव्यात. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात २३ जूनची रात्रभर लोक रस्त्यावर असतात, आग असते, घराघरात तुळशीच्या जातीच्या रोपाच्या कुंड्या असतात. पोर्तुगीजांबरोबर संत जॉन गोव्यात उतरला तो भर पावसात. आता पावसात शेकोटी कशी पेटणार? तर आगीचा सण पाण्याचा झाला. सांजांवच्या दिवशी लोक वेली-पानांचा, रानफुलांचा मुकुट घालतात, त्याला कोपेल म्हणतात. घुमट वाजवत घरोघर जातात आणि भरलेल्या विहिरीत उड्या टाकतात. ती उडी म्हणजे एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाची उडी, असं तिथले लोक सांगतात. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात.

यात सर्वांत मान नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला त्याला सासरी बोलावतात, सासू त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते, आणि तोही सगळ्यांबरोबर विहिरीवर जातो. आमच्या एक गोव्याच्या शेजारीण होत्या. मी त्यांना आमच्याकडच्या अधिक महिन्यातल्या धोंड्याच्या जेवणाबद्दल सांगितलं. चांदीचं ताट, पुरणाचे धोंडे, जावयाला कपडे. त्या म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो, तीन वर्षांतून एकदा. आणि तुमचा जावई पाटावर बसतो. आमचा विहिरीत उडी मारतो, तो वर येईपर्यंत सासूचा जीव वर-खाली."

ज्या घरात त्या वर्षी मूल जन्मलं असेल त्या घरापुढे गाणारे जास्त वेळ थांबतात. फणस, अननस, केळी, आणि बाटलीही, जे असेल ते त्यांना द्यायचं. विहिरीत उडी मारणारे पूर्वी पुरुषच असत. आता मुलीही मारतात. कोपेल मात्र आधीपासून बायकाच विणत आल्या. आदल्या दिवशी पावसात भिजत कुंपणावरची वेल ओढून आणायची आणि ओसरीवर बसून गुंफायची. ती वेल ताजीच लागते, आदल्या आठवड्यात आणून ठेवली तर सुकते, असं त्या शेजारीण सांगायच्या.